डोलकाठीखालचं इंजिन

कोकणातल्या होड्यांवर इंजिन आलं, पण म्हणून शीड लगेच उतरलं नाही. बरीच वर्षं दोन्ही एकाच होडीत नांदली. खाली इंजिन, वर डोलकाठी, आडव्या काठीला गुंडाळलेलं शीड आणि त्याच्या दोऱ्या कायम हाताशी. कोणत्या साली किती होड्यांना इंजिनं बसली, याचे आकडे सरकारी अहवालांत मिळतात. इंजिन बसल्यावरही शीड का राहिलं, हे त्या आकड्यांत दिसत नाही. मला ते ठाऊक आहे, कारण माझं पोट त्यावरच चाललं. शीड राहिलं ते डिझेलमुळे. इंजिन सहसा दगा देत नसे, दगा द्यायचं ते त्याच्यात जाणारं तेल.

मी हर्णैचा. आजोबा गलबतावर तांडेल म्हणजे कप्तान, वडील आधी गलबतावर खलाशी आणि पुढे मासेमारीच्या होडीवर. मी मात्र वाऱ्याऐवजी इंजिनाकडे वळलो. सरकारी प्रशिक्षण केंद्रात सहा महिन्यांचा कोर्स केला, काही हंगाम होडीवर इंजिन ड्रायव्हर म्हणून काढले आणि मग बंदरावर वर्कशॉप टाकलं. शीड आणि डिझेल यांच्यामधला सगळा काळ माझ्या डोळ्यांसमोरून गेला. त्या काळात या किनाऱ्यावरच्या माणसांनी जी विद्या कमावली ती कुठल्याही पुस्तकात नाही. ती जाण्याआधी लिहून ठेवावी, एवढ्यासाठी हा लेख.

वारा पडला की काय करायचं, हा प्रश्न इंजिनाच्या कितीतरी आधीचा आहे. आमच्या गावासमोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. तो ज्यांच्याकडे होता त्या आंग्र्यांच्या आरमारात दोन-तीन डोलकाठ्यांची गुराबं होती आणि त्यांच्या सोबतीला गलबतं. गुराब जड, तिच्यावर मोठ्या तोफा. गलबत हलकं, त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा मेला की गलबतं गुराबांना दोर लावून ओढून न्यायची. १७५५ मध्ये इंग्रजांचा कमोडोर जेम्स सुवर्णदुर्गावर चालून आला, तेव्हा वारा अगदी हलका होता. आंग्र्यांच्या आरमारानं पळताना सामान समुद्रात फेकून जहाजं हलकी केली आणि वाऱ्याची झुळूक धरायला कपडे, मुंडाशीसुद्धा ताणून बांधली, असं इंग्रजांच्या वृत्तांतात आहे. शिडाला दुसऱ्या बळाची जोड हवी, हे या किनाऱ्याला तेव्हापासून माहीत होतं. ते बळ माणसाच्या दंडात होतं आणि त्याला लागणारं इंधन म्हणजे भात-मासळी.

वाफेचं बळ आलं आणि इंधनाची काळजीही त्याच्याबरोबर आली. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या नवरोजी जमशेटजींनी 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट बांधली. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझकडे निघाली. तिच्या कोळशाच्या कोठारांत एडनपर्यंत पुरेल एवढा कोळसा मावत नव्हता, म्हणून मिळेल त्या जागेत कोळसा भरला. बोट ठरल्यापेक्षा खोल बसली. अकरा दिवसांनी एडन गाठलं तेव्हा तिच्यावर जेमतेम काही तासांचा कोळसा शिल्लक होता. त्या बोटीवरही शिडं होतीच. नवं यंत्र जिथं गेलं, तिथं बराच काळ जुनं शीड त्याला राखण म्हणून राहिलं.

पुढे शंभर-सव्वाशे वर्षं कोकण किनाऱ्यावर आगबोटी आणि शिडाची गलबतं शेजारी शेजारी चालली. आगबोटीतून माणसं आणि टपाल जायचं. हर्णैला धक्का नव्हता, त्यामुळे आगबोट बाहेर थांबायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला यायचे. गलबतांतून कौलं, नारळ, मीठ, लाकूड, भात असा जड माल. आजोबांचं गलबत दक्षिणेकडून मंगळुरी कौलं भरून मुंबईला जायचं. त्यांचं वेळापत्रक घड्याळाचं नव्हतं. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटला की बंदर सोडायचं, दुपारी खारा वारा भरला की किनाऱ्याकडे यायचं, अवस-पुनवेचं उधाण पाहून खाडीत शिरायचं. वारा नसेल तर नांगर टाकून थांबायचं. दोन दिवस थांबावं लागलं तर दोन दिवस. कौलं काही नासत नव्हती.

मासळी मात्र नासते. इंजिनाची खरी गरज मासेमाराला होती, ती याच कारणानं. खोल पाण्यात जाळं भरलं आणि परतताना वारा पडला तर सगळी मेहनत पाण्यात. सुकवायची मासळी चालून जाते, पण मुंबईच्या बाजारात ताजा पापलेट न्यायचा तर वेळेला किंमत आहे. म्हणून स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात होड्यांना इंजिनं बसवायची योजना आली. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, म्हणजे १९५१ ते ५६ दरम्यान, कर्ज आणि सरकारी मदतीवर इंजिनं मिळू लागली. सातपाटी, वर्सोवा ही गावं यात पुढे होती. त्याच सुमारास केरळात १९५२ च्या करारानं भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला आणि तिथं कोल्लमजवळ नव्या धर्तीच्या यांत्रिक होड्या आल्या. आमच्याकडे बहुतेकांनी जुन्याच होडीत इंजिन बसवलं. सुतारानं मागच्या बाजूला लाकूड कोरून शाफ्टला वाट केली, खाली पंखा बसवला, आणि शिडाच्या होडीची लाँच झाली.

आता डिझेल इंजिनाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला आपलं इंजिन यशस्वी करून दाखवलं. लहान कारागिराला मोठ्या कारखान्यापुढे टिकाव धरता यावा, त्याच्या हाताशी स्वतःचं बळ असावं, ही त्याची इच्छा होती. पण त्याचं सुरुवातीचं इंजिन अवाढव्य होतं. सिलिंडरमध्ये तेल फवारायला मोठा हवेचा कंप्रेसर लागायचा. १९२७ पासून बॉश कंपनीचे इंजेक्शन पंप कारखान्यातून तयार होऊन येऊ लागले, आणि मग डिझेल इंजिन ट्रकात, शेतात आणि होडीत मावेल इतकं लहान झालं. आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. ज्या माणसासाठी डिझेलनं इंजिन योजलं होतं, त्याच्यापर्यंत ते अशा वळणानं पोचलं.

या इंजेक्शन पंपाचा गुण तोच त्याचा नाजूकपणा. त्यात एक प्लंजर असतो, तो आपल्या नळीत वरखाली होतो. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज करा. तिथं रबर नाही, वायसर नाही, धातूला धातू. त्यांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. दर चौरस सेंटीमीटरला दीडशे-दोनशे किलोचा दाब तयार होतो तेव्हा कुठे नोझल उघडतो आणि तेलाची वाफेसारखी बारीक फवारणी होते. या यंत्राला तीन गोष्टी खपत नाहीत: कचरा, पाणी आणि हवा. कचऱ्यानं प्लंजरला चरे पडतात, पाण्यानं गंज चढतो. हवा तर काहीच मोडत नाही, पण ती दाबली जाते आणि नोझल उघडतच नाही. इंजिन धडधाकट असतं आणि तरीही गप्प पडतं.

आणि समुद्रावर या तीन गोष्टींशिवाय आहे काय?

सुरुवातीच्या वर्षांत डिझेल बॅरलमधून यायचं, दोनशे लिटरच्या. बैलगाडीतून, पुढे ट्रकमधून. बंदरावर ती उभी ठेवलेली असायची. पाऊस पडला की बॅरलच्या वरच्या खोलगट भागात, बुचाच्या भोवती, पाणी साचायचं. दिवसा बॅरल तापलं की आतली हवा फुगून बाहेर पडते, रात्री गार झालं की ते बाहेरची हवा आत ओढतं आणि तिच्याबरोबर बुचाच्या आट्यांतून ते पाणीही आत शिरतं. बूच कितीही घट्ट असो, पावसाळाभर हा श्वासोच्छ्वास चालू राहतो. कुणी चोरून पाणी मिसळतं, असा पहिल्यांदा लोकांचा समज झाला होता. बंदरावरच्या जुन्या इंजिन ड्रायव्हरांनी खरं कारण ओळखलं आणि बॅरलं आडवी ठेवायला लावली, दोन्ही बुचं एका पातळीत, आतल्या तेलाच्या खाली. बूच तेलानं भिजलेलं असलं की हवा येत नाही आणि पाणीही येत नाही. जागा नसेल तर उभ्या बॅरलखाली लाकडाचा ठोकळा घालून ते तिरकं करायचं, म्हणजे वरचं पाणी बुचापासून दूर साचतं. ही गोष्ट मला कोर्समध्ये शिकवलेली नव्हती. ती एका वयस्क ड्रायव्हरकाकांनी शिकवली, ज्यांना सही करता येत नव्हती.

त्यांच्या हाताखाली मी डिझेल निथळायला शिकलो. बॅरल आणल्या आणल्या कधीच उघडायचं नाही. एक रात्र तरी ते स्थिर राहिलं पाहिजे. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला जातं, गाळही जातो. मग हातपंपाची नळी तळापासून चार बोटं वर धरून तेल ओढायचं. तळाचं तेल इंजिनासाठी नाहीच. ते वेगळ्या डब्यात काढून, काचेच्या बाटलीत भरून उन्हात ठेवायचं. संध्याकाळपर्यंत पाण्याची रेघ खाली स्पष्ट दिसते. ओढलेलं तेल नरसाळ्यातून टाकीत घालताना नरसाळ्यावर दुहेरी मलमल. मलमल जुनी, पुष्कळदा धुतलेली, कारण नव्या कापडाचे धागे सुटतात. ते कापड तेलानं आधी भिजवून घ्यायचं. तेलानं भिजलेल्या दाट कापडातून तेल उतरतं आणि पाण्याचे थेंब वर अडून राहतात. त्यातून सगळं पाणी थांबतं असं नाही, पण किती आहे ते डोळ्यांना दिसतं.

भेसळ नाकाला कळायची. रेशनच्या घासलेटला निळा रंग देत असत, ते डिझेलमध्ये मिसळलं की थोडी हिरवट झाक यायची, आणि वास तर लपतच नाही. घासलेटावर इंजिन चालतं, उलट धूर कमी करतं, म्हणून काही जण खूश व्हायचे. पण घासलेटाला वंगण नाही. एका हंगामात प्लंजर झिजायचा, आणि मग थंडीच्या पहाटे हँडल मारून मारून खांदे निखळायची वेळ यायची. पंप उघडून प्लंजर उजेडात धरला की त्या माणसानं वर्षभर काय जाळलं ते मी सांगू शकत असे. चकचकीत आरशासारखा असायला हवा तो भाग धुरकट दिसतो, आणि त्यावर उभ्या बारीक रेघा.

एवढं करूनही टाकीच्या तळाशी काही ना काही जमतंच. इथं समुद्राचा स्वभाव आड येतो. होडी शांत पाण्यात असेपर्यंत तळाचा गाळ तळाला राहतो आणि इंजिन सुरेख चालतं. लाट वाढली, होडी हेलकावे खायला लागली की टाकीतलं तेल घुसळून निघतं, गाळ वर येतो आणि फिल्टर चोक होतो. म्हणजे इंजिनाची सर्वांत जास्त गरज जिथं असते, नेमकं तिथंच ते बंद पडतं. लोक याला नशीब म्हणायचे. यात नशीब नाही, साधं कारण आहे, आणि ते कळलं की उपायही सापडतो.

आंजर्ल्याच्या खाडीचं मुख आमच्या भागात सर्वांना माहीत आहे. हर्णै उघडं बंदर, त्यामुळे हवामान बिघडलं की आणि हंगाम संपला की होड्या आंजर्ल्याच्या खाडीत न्यायच्या. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे आणि त्यावर लाट फुटते. मी ड्रायव्हर असताना वैशाखाच्या शेवटी होडी पावसाळ्यासाठी शाकारायला खाडीत नेत होतो. टाकी जवळजवळ रिकामी, कारण पावसाळ्यात तेल कशाला ठेवायचं, असा तेव्हाचा विचार. दुपारचा वायव्येचा वारा भरलेला. दांड्याच्या अलीकडे इंजिनाचा आवाज बदलला. वाढायचा, पडायचा, पुन्हा वाढायचा. मग थांबला.

तांडेलांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी खलाशांना शीड उचलायला सांगितलं, पूर्ण नाही, अर्धं. सुकाणू दाबून नाळ नैऋत्येला वळवली. होडी दांड्यापासून सुटली आणि किनाऱ्याला समांतर, सुवर्णदुर्गाच्या आडोशाकडे चालू लागली. मग ते म्हणाले, "मेस्त्री, आता सावकाश करा. घाई नाही."

ते एक वाक्य मी पुढे आयुष्यभर लक्षात ठेवलं. शिडानं मला वेळ मिळवून दिला होता. टाकीचा कॉक बंद केला. फिल्टरची वाटी सोडवली, तर खाली बोटभर पाणी आणि त्यावर काळा चिखल. वाटी धुऊन घेतली ती राखीव डब्यातल्या निथळलेल्या डिझेलनं. असा पाच लिटरचा डबा इंजिनाशेजारी नेहमी बांधलेला असायचा, त्याला दुसऱ्या कामाला कुणी हात लावायचा नाही. टाकीतलं तेल आता वापरण्यासारखं नव्हतंच, म्हणून तोच डबा वरच्या तुळईला दोरीनं टांगला आणि रबरी नळी थेट फिल्टरला जोडली. तेल उतारानं येऊ लागलं.

मग हवा काढायची. याचा क्रम ठरलेला आहे आणि तो बदलता येत नाही. आधी फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा. फेस येतो, बुडबुडे येतात, मग मध्येच साफ तेल आणि पुन्हा एक मोठा बुडबुडा. पहिल्या साफ तेलाला भुलायचं नाही. सलग धार लागली की धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. मग पंपावरचा स्क्रू, तीच रीत. मग नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट सैल करायचा, डिकॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी, दांडी उचलून हँडल फिरवायचं, नटातून तेलाची पिचकारी उडेपर्यंत. नट आवळायचा. पुन्हा हँडल, या वेळी जोर लावून, वेग आला की दांडी खाली. पांढरा धूर, एक ठोका, दुसरा ठोका, आणि इंजिन लागलं. तोवर आम्ही किल्ल्याच्या आडोशाला पोचलो होतो. भरतीची वाट पाहिली, टाकीचा तळ मोकळा केला आणि मग खाडीत शिरलो.

किनाऱ्याला आल्यावर तांडेलांनी विचारलं, पाणी आलं ते आलं, पण ही हवा कुठून शिरते? तेल तर कुठेच गळत नाही. हा प्रश्न मला पुढे शेकडो जणांनी विचारला. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत पंप तेल ओढत असतो, ढकलत नसतो. त्या भागात सांधा ढिला असला तर तेल बाहेर न येता हवा आत जाते. कोरडा दिसणारा सांधाच संशयाचा. आम्ही चालू इंजिनावर एकेका सांध्याला ओला साबण चोळत जायचो. ज्याला साबण लावल्यावर आवाज सुधारला तो चोर. बहुतेकदा तांब्याचा वायसर कडक झालेला असतो. तो चुलीत लालभडक करून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ होतो आणि नीट बसतो. नवा वायसर आणायला दापोलीला जायची गरज नाही.

अशी ही विद्या. एकट्या हर्णैची नाही, सातपाटीपासून वेंगुर्ल्यापर्यंत बंदराबंदराला ती ज्यांनी त्यांनी आपापल्या हातांनी घडवली. आणि तिच्यामुळेच हळूहळू इंजिनावर भरवसा बसला. भरवसा बसला तशी शिडं उतरली. आधी नवं शीड शिवणं बंद झालं, मग जुन्या शिडाचं कापड ऊन-पावसाचं छप्पर झालं. डोलकाठी राहिली, पण तिच्यावर दिवा लागला, पुढे वायरलेसची तार. होड्या मोठ्या झाल्या, ट्रॉलर आले, ट्रकच्या धर्तीची सहा सिलिंडरची इंजिनं आली. आता माणसं होडीला सिलिंडरवरूनच ओळखतात. गलबतांचा माल महामार्गावरच्या ट्रकांनी नेला आणि आगबोटीही थांबल्या. मतलई कधी सुटतो हे सांगणारी माणसं अजून आहेत, पण त्यावर होडी हाकणारी फार थोडी.

तेलाचा त्रास मात्र गेलेला नाही, त्यानं रूप बदललं. बॅरलं गेली, मच्छीमार सोसायट्यांचे पंप आले, तेल पुष्कळ स्वच्छ मिळतं. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत टाकी अर्धी रिकामी राहिली तर वरच्या रिकाम्या जागेत दमट हवा असते, रात्री गार झाली की तिचे थेंब टाकीच्या भिंतीवरून खाली उतरतात. तळाशी पाणी साचतं. पाणी आणि डिझेल जिथं एकमेकांना टेकतात त्या रेघेवर सूक्ष्म जीव वाढतात, बुरशी धरते, आणि तिचा काळपट, चिकट थर तयार होतो. ऑगस्टच्या पहिल्या फेरीत, जेव्हा समुद्र अजून पुरता निवळलेला नसतो, तो थर सुटतो आणि फिल्टरवर बसतो. पूर्वी मी जो चिखल पाहिला तोच हा. म्हणून मी सांगत आलो: होडी शाकारताना टाकी गळ्यापर्यंत भरा, रिकामी ठेवू नका. नांगरायच्या आधी तळाचा कॉक सोडून पाणी काढा, आणि ऑगस्टमध्ये पहिलं हँडल मारायच्या आधी पुन्हा काढा. दोन जादा फिल्टर होडीवर ठेवा. छोट्या होड्यांवरच्या पेट्रोलच्या मशिनांना वेगळी काळजी हवी, कारण पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि फार झालं की पाण्यासह तळाला वेगळं बसतं. ते तेल महिनोन् महिने साठवू नका.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं. त्या दिवसांत किनाऱ्याकडे धावणाऱ्या प्रत्येक होडीची सगळी आशा तिच्या इंजिनावर होती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली माणसं तेव्हा परतली नाहीत. वादळापुढे शीड काय करणार, असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. मी वादळाचं बोलत नाही. दर वर्षी साध्या वाऱ्यात, खाडीच्या तोंडाशी, इंजिन बंद पडून होड्या वाळूवर किंवा खडकावर जातात, त्यांचं बोलतो. तिथं हवा असतो अर्धा तास. पूर्वी तो शीड देत असे. आज दुसरी होडी जवळ असेल तर ती दोर टाकते, नसेल तर काही नाही.

म्हणून माझं मागणं आहे. प्रत्येक होडीवर एक लहान शीड असावं, डोलकाठी आहेच. त्यानं मुंबई गाठायची नाही, फक्त नाळ खडकापासून वळवून होडी चालती ठेवायची आहे. प्रशिक्षण केंद्रांत इंजिन शिकणाऱ्या मुलांना ते उभारायलाही शिकवावं. आणि जे वयस्क ड्रायव्हर, मेस्त्री अजून आहेत, त्यांच्याजवळ बसून त्यांची तेल निथळण्याची, हवा काढण्याची, चोर सांधा शोधण्याची रीत कुणीतरी बंदर न् बंदर फिरून लिहून घ्यावी. किल्ल्यांवर आपण पुस्तकं लिहिली, ती हवीतच. या माणसांची कामगिरीही त्याच किनाऱ्याचा इतिहास आहे. परक्या देशात घडलेलं, केसाहून बारीक फटीवर चालणारं एक यंत्र त्यांनी खाऱ्या हवेत, पाणी मिसळलेल्या तेलावर, अंदाजानं आणि निरीक्षणानं चालवून दाखवलं. त्याच्यावर विश्वास बसेपर्यंत शीड खाली ठेवलं नाही, हे त्यांचं शहाणपण होतं. ते शहाणपण आजच्या होडीलाही तितकंच लागू आहे.